एमिल ग्रिफिथ : एका राउंडपलीकडची एकोणीस वर्षं

कऱ्हेकाठ (धागाकर्ता) :

बॉक्सिंगचा विषय निघाला की इथे अली आणि टायसन, फार तर मेवेदर-पॅक्विआओ, एवढ्यावरच गप्पा आटोपतात. मला वेल्टरवेट गटाबद्दल लिहायचं होतं. मर्यादा १४७ पाऊंड, म्हणजे ६६.७ किलो. पायांची चपळाई, हातांचा वेग आणि समोरच्याला आडवं करण्याची ताकद हे तिन्ही एकाच माणसात बघायचं असेल तर याच गटाकडे वळावं लागतं. शुगर रे रॉबिन्सन, लेनर्ड, हर्न्स, दुरान हे सगळे या गटात खेळून गेले. त्याच पंगतीत बसणारा एमिल ग्रिफिथ मात्र लोकांना आठवतो तो एका लढतीसाठी, त्यातही तिच्या शेवटच्या काही सेकंदांसाठी. १९५८ ते १९७७ अशी एकोणीस वर्षं तो व्यावसायिक रिंगमध्ये होता. वेल्टरवेटचा जगज्जेता तीनदा झाला, मिडलवेटचा दोनदा. हे सगळं त्या सेकंदांखाली गाडलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

जन्म १९३८ चा, अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसचा. पोरवयात न्यू यॉर्कला आला आणि बायकांच्या हॅट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. एकदा फार उकडत होतं म्हणून मालकाला विचारून त्याने शर्ट काढला. मालक हॉवी अल्बर्ट स्वतः हौशी बॉक्सिंग खेळलेला. त्याने ते रुंद खांदे आणि ती चिंचोळी कंबर पाहिली आणि पोराला थेट गिल क्लॅन्सीच्या जिममध्ये नेऊन उभं केलं. ग्रिफिथला बॉक्सर व्हायची फारशी हौस नव्हती, त्याचं मन हॅटची डिझाइन्स काढण्यात रमायचं. पण १९५८ मध्ये त्याने न्यू यॉर्कची गोल्डन ग्लव्हज स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला.

१ एप्रिल १९६१. मायामी बीचला त्याने बेनी ‘किड’ पॅरेटला तेराव्या राउंडमध्ये नॉकआउट करून वेल्टरवेटचा किताब घेतला. पॅरेट क्यूबाचा, उसाच्या फडात राबून वर आलेला, मार खाऊन पुन्हा उभा राहण्यासाठी प्रसिद्ध. सप्टेंबरमध्ये दुसरी लढत झाली. ती पॅरेटने जिंकली, तीही जजेसमध्ये एकमत नसताना. तिसरी ठरली २४ मार्च १९६२ ला, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये.

त्या काळी वजन लढतीच्याच दिवशी सकाळी व्हायचं. ग्रिफिथ काट्यावर उभा असताना पॅरेटने मागून येऊन त्याला नको तिथे हात लावला आणि समलिंगी पुरुषांसाठी वापरली जाणारी स्पॅनिश शिवी सगळ्यांसमोर हासडली. ग्रिफिथ तिथेच त्याच्या अंगावर धावून जात होता, क्लॅन्सीने आवरलं. ती शिवी जशीच्या तशी छापायची त्या काळच्या वर्तमानपत्रांची तयारी नव्हती. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. १९६२ साली खेळाडूबद्दल असा संशय उघडपणे बोलला जाणं म्हणजे पोटावर पाय.

रात्री सहाव्या राउंडमध्ये पॅरेटने ग्रिफिथला खाली पाडलं. घंटा वाजली म्हणून तो वाचला. पुढे ग्रिफिथने लढत हळूहळू आपल्याकडे ओढली. बारावा राउंड तसा संथ चालला होता, टीव्हीवरच्या समालोचकानेही तसं म्हटलं होतं. मग ग्रिफिथने पॅरेटला कोपऱ्यात गाठलं. पॅरेटचा हात दोरात अडकला. त्यामुळे शुद्ध हरपत असतानाही तो खाली कोसळू शकला नाही, आणि खाली कोसळला नाही म्हणून रेफ्रीची दहापर्यंतची मोजणी सुरू झाली नाही. ग्रिफिथचा उजवा हात चालूच राहिला. किती ठोसे बसले याचे आकडे वेगवेगळे दिले जातात. रेफ्री रूबी गोल्डस्टीन मध्ये पडला तोवर सगळं संपलं होतं. पॅरेट शुद्धीवर आलाच नाही. ३ एप्रिलला तो गेला. वय २५, घरी लहान मुलगा आणि गरोदर बायको.

हे सगळं एबीसी वाहिनीवर थेट दिसलं होतं. लढत संपल्यावर तेच ठोसे संथ गतीत पुन्हा दाखवले गेले, आणि पॅरेटची अवस्था किती वाईट आहे हे माहीत नसलेला ग्रिफिथ तिथेच मुलाखत देत होता.

आता माझं म्हणणं. या घटनेची गोष्ट ‘अपमानाचा सूड’ अशी सांगितली जाते. ती सांगायला सोपी आहे, पण माझ्या मते चुकीची आहे. पॅरेटला ९ डिसेंबर १९६१ ला जीन फुलमरने मिडलवेटच्या लढतीत बेदम मारलं होतं. दहाव्या राउंडमध्ये नॉकआउट. फुलमर हा १६० पाऊंडांच्या गटातला रेडा. त्यानंतर साडेतीन महिन्यांत त्याच पॅरेटला १४७ पाऊंडांवर उतरवून पुन्हा पंधरा राउंडांच्या लढतीत उभं केलं गेलं. त्याच्या मॅनेजरने हे ठरवलं आणि बॉक्सिंग आयोगाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. ग्रिफिथच्या हाताआधी ही माणसं जबाबदार आहेत.

तुम्हाला काय वाटतं?

---

मधली आळी :

लेख आवडला, पण सहमत नाही. त्या लढतीची फिल्म पाहिली आहे. समोरचा माणूस शुद्धीत नाही हे ग्रिफिथला दिसत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही. सकाळचा अपमान डोक्यात होता, तो हातातून उतरला. मॅनेजर दोषी, डॉक्टर दोषी, सगळं मान्य. पण ठोसे मारणाऱ्याला एकदम बाजूला काढायचं हे पटत नाही.

---

तालीम :

मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो, त्यामुळे मधली आळी यांना उत्तर द्यावंसं वाटलं.

समोरचा दोरावर रेलला की आपल्या खेळाडूला त्याचा चेहरा नीट दिसत नाही. हनुवटी छातीला टेकलेली, कपाळ दुसऱ्याच्या खांद्याशी. त्याला फक्त जागा दिसते: हातमोज्यांच्या मधली फट, बरगडीची बाजू. डोळे विझलेत का, गुडघे सैल पडलेत का, हे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. म्हणून तर रेफ्री असतो. मी मुलांना सांगतो, रेफ्री ‘स्टॉप’ म्हणेपर्यंत तुमचं काम चालू. हे क्रूर वाटेल, पण मध्येच स्वतःहून हात खाली सोडणारा पुढच्या क्षणी स्वतः आडवा होतो. क्लॅन्सीनेही बाराव्या राउंडआधी ग्रिफिथला हेच बजावलं होतं, की आत शिरलास की तो तुला मिठी मारेपर्यंत किंवा रेफ्री सोडवेपर्यंत मारत राहा. ती लढत काही सेकंद आधी थांबवली गेली असती, तर ग्रिफिथने सूचना पाळली आणि जिंकला एवढंच लिहिलं गेलं असतं.

दुसरी गोष्ट. हौशी बॉक्सिंगमध्ये खेळाडू पडला नाही तरी रेफ्री त्याला उभ्या उभ्या आठपर्यंत मोजतो. त्या आठ सेकंदांत मी माझ्या मुलाच्या पायांकडे बघतो. टाचा जमिनीला चिकटल्या असतील, तो वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत नसेल, तर टॉवेल फेकायचा, म्हणजे लढत तिथेच थांबते. पोरगं रडतं, आईवडील भांडतात, तरी फेकायचा. पॅरेटच्या कोपऱ्यातून टॉवेल आला नाही. मला त्या रात्रीतली सगळ्यात न समजणारी गोष्ट तीच वाटते.

---

टपाल :

गोल्डस्टीनबद्दल कुणीच बोललं नाही. तो काही नवखा नव्हता, त्या काळातल्या सगळ्यात मानाच्या रेफ्रींपैकी एक. स्वतः बॉक्सर होता. पॅरेट मेल्यासारखा वाटून पुन्हा उसळी मारतो अशी ख्याती होती, म्हणून गोल्डस्टीन थांबला असावा असं म्हणतात. असेलही. राज्यपाल नेल्सन रॉकफेलरने चौकशी समिती नेमली होती. जनमत इतकं पेटलं होतं की बॉक्सिंगवर बंदी घाला अशी मागणी आली. १९६४ पर्यंत एबीसीने दर आठवड्याची बॉक्सिंगची थेट प्रक्षेपणं बंदही केली. घरोघरी टीव्हीवर दिसणारा खेळ तिथून बाहेर पडला.

---

शल्यकर्म :

मी मेंदूविकारांचा डॉक्टर नाही, पण अपघात विभागात बरीच वर्षं काम केलंय. धागाकर्त्यांच्या एका मुद्द्यात थोडी भर घालतो.

डोकं झटक्याने वळलं की मेंदू कवटीच्या आत मागे राहतो आणि दोघांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्या तुटल्या की मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठतं. आधी एकदा दुखापत झालेली असेल, ती पुरती भरून आली नसेल, तर पुढच्या वेळी कमी माराने जास्त नुकसान होतं. त्यामुळे फुलमरच्या लढतीचा मुद्दा योग्यच आहे.

पण ‘साडेतीन महिने’ या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. आजही नॉकआउटनंतर साधारण साठ किंवा नव्वद दिवसांची सक्तीची विश्रांती देतात. नुसते दिवस मोजले असते तर पॅरेट आजही पास झाला असता. फरक आहे तो तपासणीचा. माणसावर पहिलं सीटी स्कॅन झालं १९७१ मध्ये, लंडनला. १९६२ चा डॉक्टर बॅटरी मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायचा, गुडघ्यावर हातोडी मारायचा, चालायला लावायचा, आणि आत काय चाललंय याचा अंदाज करायचा. त्याने निष्काळजीपणा केला की त्याच्या हातात साधनच नव्हतं, हे इतक्या वर्षांनी ठरवणं कठीण आहे. मॅनेजरचं मात्र तसं नाही. फुलमरसारख्या वजनदार माणसासमोर पॅरेटला उभं करणं हा निव्वळ पैशाचा निर्णय होता, त्यासाठी सीटी स्कॅनची गरज नव्हती.

---

कऱ्हेकाठ :

शल्यकर्म, फार मोलाची माहिती. डॉक्टरांबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. मॅनेजरबद्दल आपलं एकमत दिसतंय.

तालीम, टाचांची गोष्ट पुढच्या वेळी लढत बघताना नक्की लक्षात राहील.

पण मंडळी, सगळे प्रतिसाद पुन्हा बाराव्या राउंडवरच अडकलेत. पुढच्या पंधरा वर्षांचं बघा ना.

पॅरेट दवाखान्यात बेशुद्ध असताना ग्रिफिथ तिथे गेला होता, त्याला आत सोडलं नाही. धमक्यांची पत्रं आली. पुढे कित्येक वर्षं पॅरेट त्याच्या स्वप्नात यायचा. अशा अवस्थेत त्याने जुलै १९६२ मध्ये राल्फ डुपासविरुद्ध किताब राखला. मग आला लुईस रॉड्रिगेझ. अँजेलो डंडीच्या तालमीतला क्यूबन, त्या काळातल्या सर्वांत हुशार बॉक्सरांपैकी एक. ग्रिफिथ आणि तो चार वेळा भिडले: एक दहा राउंडांची आणि तीन पंधरा राउंडांच्या, चारही पूर्ण अंतर गेल्या. पंचावन्न राउंड! त्यांतल्या तीन ग्रिफिथने जिंकल्या, तिन्ही जजेसच्या दुभंगलेल्या निकालाने. हरला ती मार्च १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, शुगर रामोसविरुद्ध लढताना डेव्ही मूरला दुखापत झाली आणि चार दिवसांनी तो गेला. पॅरेटला वर्ष होतंय न होतंय तोच ग्रिफिथने हे जवळून पाहिलं. जूनमध्ये तो पुन्हा रॉड्रिगेझसमोर उभा राहिला आणि किताब परत घेतला. या माणसाच्या मनाच्या ताकदीबद्दल बोलायचं तर इथे बोललं पाहिजे.

---

मधली आळी :

हे मला माहीत नव्हतं. डेव्ही मूर त्याच रात्री? अंगावर काटा आला.

पण एक विचारतो. असं म्हणतात की पॅरेटनंतर ग्रिफिथने जोरात मारणंच सोडलं. खरं आहे का?

---

टपाल :

तो स्वतःच तसं सांगायचा, की त्यानंतर समोरच्याला इजा होईल या भीतीने हात आखडायचा. त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा नाही. पण आकडे थोडे वेगळे बोलतात. पहिल्यापासून तो एका फटक्यात संपवणारा नव्हताच. त्याच्या ८५ विजयांपैकी नॉकआउटचे साधारण पाव हिस्सा. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), बरगड्यांवर मारा, जवळ घुसून काम आणि पंधराव्या राउंडपर्यंत टिकणारा दम ही त्याची शिदोरी. आणि पॅरेटनंतरही १९६४ च्या डिसेंबरमध्ये लंडनला डेव्ह चार्नलीला त्याने नवव्या राउंडमध्ये थांबवलं. १९६६ मध्ये डिक टायगरला खाली पाडलं. नायजेरियाच्या टायगरला तोवर कुणीच पाडलेलं नव्हतं. हात आखडले असतील, पण गरज पडली तेव्हा ते चालले.

उलट बाजूही सांगतो. १९६३ च्या डिसेंबरमध्ये रूबिन कार्टरने त्याला पहिल्याच राउंडमध्ये उडवलं होतं. पुढच्याच वर्षी ‘द रिंग’ मासिकाने ग्रिफिथला वर्षातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा ठरवलं.

---

कऱ्हेकाठ :

टायगरला हरवून त्याने मिडलवेटचा किताब घेतला. निकाल वादग्रस्त होता, टायगर जिंकला असं मानणारे आजही आहेत. मिडलवेटचा विजेता झाल्यावर नियमाप्रमाणे वेल्टरवेटचा किताब सोडावा लागला. मग आला इटलीचा नीनो बेनव्हेनुती. तीन लढती. पहिली एप्रिल १९६७, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. दुसऱ्या राउंडमध्ये ग्रिफिथ खाली, चौथ्यात बेनव्हेनुती खाली. पंधरा राउंडांनंतर बेनव्हेनुती जिंकला. इटलीत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि लोक रेडिओला कान लावून जागे होते. सप्टेंबरमध्ये शे स्टेडियममध्ये ग्रिफिथने किताब परत मिळवला. मार्च १९६८ मध्ये बेनव्हेनुतीने तो पुन्हा नेला. पंचेचाळीस राउंड एकमेकांना ठोकल्यावर दोघांची जन्मभराची मैत्री झाली, आणि बेनव्हेनुतीच्या मुलाचा धर्मपिता झाला ग्रिफिथ.

त्यानंतरची घसरण लांबत गेली. १९६९ ला होसे नापोलेसने हरवलं. कार्लोस मोन्सॉनने दोनदा, १९७१ ला ब्वेनोस आयरेसमध्ये आणि १९७३ ला मॉन्टे कार्लोत. शेवटची लढत जुलै १९७७ मध्ये ॲलन मिंटरविरुद्ध, तीही हरला. ८५ विजय, २४ पराभव, २ बरोबरी. या २४ पैकी कितीतरी शेवटच्या वर्षांतले. कुणीतरी पाच-सहा वर्षं आधी थांबवायला हवं होतं.

---

हडसनपार :

न्यू जर्सीहून लिहितेय. बॉक्सिंगमधलं मला फारसं कळत नाही, पण ग्रिफिथबद्दल कळलं ते ऑपेरामुळे. त्याच्या आयुष्यावरचा ऑपेरा २०२३ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराने केला, तेव्हा मी गेले होते. म्हातारा ग्रिफिथ आणि तरुण ग्रिफिथ यांची कामं दोन वेगळे गायक करतात. म्हाताऱ्याला आपला एक बूट कुठे ठेवायचा तेच आठवत नाही, तो बूट हातात धरून बसलेला असतो, आणि आजूबाजूला सगळा भूतकाळ उभा राहतो. घरी माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश होता, त्यामुळे तो बूट बघवला नाही.

वर कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. ग्रिफिथला पुरुष आवडायचे, बायकाही आवडायच्या. टाइम्स स्क्वेअरजवळच्या समलिंगी लोकांच्या बारमध्ये तो जायचा, तिथे तो लोकांचा लाडका होता. पण हे त्याला उघड सांगता आलं ते साठी ओलांडल्यावर. १९९२ मध्ये अशाच एका बारमधून बाहेर पडल्यावर त्याला टोळक्याने इतकं मारलं की तो महिनोन्महिने दवाखान्यात होता. म्हातारपणी तो म्हणायचा त्याचा मथितार्थ असा: मी एका माणसाचा जीव घेतला ते लोकांनी समजून घेतलं, मी एका माणसावर प्रेम केलं ते मात्र माफ केलं नाही. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमातला भाग रद्द व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडलं. आज आपल्या एखाद्या बॉक्सरला, कुस्तीगिराला हे उघड सांगता येईल का, असा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या पडला होता.

---

तालीम :

हडसनपार, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. तालमीत, जिममध्ये समोरच्याला डिवचायला हीच शिवी पहिली बाहेर येते. मी आता मुलांना त्यावरून घरी पाठवतो.

---

खडूफळा :

छान चर्चा. पॅरेटच्या कुटुंबाचं पुढे काय झालं?

---

टपाल :

मुलगा मोठा झाला. २००५ च्या सुमारास ग्रिफिथवर माहितीपट झाला, त्यात ग्रिफिथ आणि पॅरेटचा मुलगा भेटतात. मुलगा त्याला मिठी मारतो आणि मनात काही राग नाही असं सांगतो. ग्रिफिथची तब्येत तोवर बरीच खालावली होती. डोक्यावर बसलेल्या इतक्या वर्षांच्या माराने स्मृती जात चालली होती. तुरुंग खात्यात नोकरी करताना भेटलेल्या एका मुलाला त्याने दत्तक घेतलं होतं, त्यानेच शेवटपर्यंत सांभाळलं. २०१३ च्या जुलैमध्ये ग्रिफिथ गेला. निवृत्तीनंतर त्याने काही काळ प्रशिक्षकाचंही काम केलं, विल्फ्रेड बेनिटेझसारख्यांसोबत. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेम सुरू झाला तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं.

---

मधली आळी :

तालीम आणि शल्यकर्म यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. राग होता हे माझं मत अजून तेच आहे. पण रागावलेल्या माणसाला थांबवण्यासाठी तिथे तीन-चार माणसं पगारावर उभी होती, आणि त्यांच्यापैकी कुणीच वेळेवर हललं नाही, हे मी धरलं नव्हतं.

कऱ्हेकाठ, लढती बघायला सुरुवात कुठून करू?

---

कऱ्हेकाठ :

बेनव्हेनुतीची पहिली लढत आधी बघा. ‘द रिंग’ ने १९६७ मधली सर्वोत्तम लढत म्हणून तिचीच निवड केली होती. दोघंही खाली जातात, दोघंही उठतात. मग रॉड्रिगेझची जून १९६३ ची मिळाली तर बघा. तिथे ग्रिफिथच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवा, रॉड्रिगेझसारख्या निसटत्या माणसाला तो जॅबने कसा एका बाजूला हाकतो ते दिसेल. टायगरची त्यानंतर.

पॅरेटची सगळ्यात शेवटी. आणि ती बघायची असेल तर बारावा राउंड तेवढा तोडून टाकलेल्या चित्रफिती बघू नका. निदान सहाव्यापासून बघा, पॅरेट जिथे त्याला पाडतो तिथून.